खाली

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये घरांच्या फाटकांना पुठ्ठ्याच्या पाट्या बांधलेल्या दिसतात : ‘मने खाली इदे’. कन्नड अक्षरं नव्याने लागू लागली होती त्या दिवसांत मी दिसेल ती पाटी वाचत चालायचे, आणि त्यांत ही सगळ्यांत सोपी होती. सोपी आणि चमत्कारिक. ‘मने’ म्हणजे मनाचं अनेकवचन नव्हे, घर. ‘इदे’ म्हणजे आहे. मधला ‘खाली’ तेवढा आपला, असं कोणाही मराठी माणसाला वाटेल. नेमका तोच आपला नाही. घर खाली आहे म्हणजे तळमजल्यावर आहे असं नव्हे. घर रिकामं आहे, भाड्याने द्यायचं आहे. ते तिसऱ्या मजल्यावर असलं तरी खालीच.

सांगलीहून माझी मावशी आली होती तेव्हा तिला हॉटेलात नेलं. मी फळ्यावरची नावं वाचून दाखवत होते : मसाला दोसे, सेट दोसे, खाली दोसे. “खाली दोसा?” मावशी म्हणाली, “मग वरचा कुठला?” तिला सांगितलं, हा नुसता दोसा, आत बटाट्याची भाजी नाही की लाल चटणीचा हात नाही. मऊ, जरा जाडसर, बरोबर चटणी नाहीतर सागू. तिने इडली मागवली. वेटर आत जाऊन आला आणि म्हणाला, “इडली खाली, अम्मा.” मावशीने शांतपणे मला सांगितलं, “खाली असली तर वर आण म्हणावं. आपल्याला घाई नाही.”

शब्द मूळचा अरबी. अरबस्तानच्या दक्षिणेला साडेसहा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं एक वाळवंट आहे, त्याचं नाव ‘रुब अल् खाली’, म्हणजे रिकामा चौथा हिस्सा. हा ‘खाली’ फारसीत आला आणि फारसीबरोबर आपल्याकडे. हिंदी-उर्दूत तो रिकामा झाला आणि ‘नुसता’ही झाला. मुंबईच्या रस्त्यावर ‘खालीपिली’ म्हणजे विनाकारण. गुजरातीत तो रिकामाच. कन्नडने त्याची ‘नुसता’ ही बाजू दोशाला लावली आणि ‘संपला’ ही बाजू इडलीला. तमिळ लिपीत ख साठी वेगळं अक्षर नाही, तिथे तो ‘काली’ झाला. रिकामी खुर्ची काली, आणि बोलण्याच्या ओघात एखाद्याचा कारभार आटोपला तर तोही काली. मल्याळममध्ये पुन्हा काली, रिकामा. एवढ्या भाषा त्या शब्दाकडून रिकामेपण घेतात आणि त्यांच्या मधोमध मराठी एकटी मान वाकवून जमिनीकडे बघते.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. मराठीत ‘खाल’ हा शब्द घरचाच होता. खालचा, खालावणे, खालमानेने ही सगळी त्याचीच मंडळी. घरीं, दारीं, गांवीं तसं ‘खालीं’. ही सप्तमी आहे, आणि जुन्या पुस्तकांत तिच्या डोक्यावर अनुस्वार असायचा. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, आणि आपला ‘खालीं’ अरबी ‘खाली’सारखाच दिसू लागला. त्याआधी निदान कागदावर दोघे वेगळे होते. अनुस्वार गेले याचं मला एरवी दुःख नाही. शाळेत ते द्यावे लागले असते तर माझे निम्मे गुण त्यातच गेले असते. पण या एका जागी एक टिंब काहीतरी सांगत होतं खरं.

आणि अरबी ‘खाली’ मराठीत आलाच नाही असंही नाही. ‘घर खाली करा’ असं घरमालक म्हणतो तेव्हा तो घर खालच्या मजल्यावर उतरवायला सांगत नसतो. ‘जागा खाली करून घेणे’ हे कोर्टकचेऱ्यांतलं नेहमीचं मराठी आहे. फक्त तो एकटा फिरत नाही. ‘करणे’ किंवा ‘होणे’ बरोबर असेल तरच बाहेर पडतो. ‘पेला खाली आहे’ असं म्हटलं तर मराठी माणूस टेबलाखाली वाकून बघेल. गंमत आहे ती ‘गाडी खाली केली’ या वाक्यात. मार्केट यार्डात ट्रकमधून गुळाच्या ढेपा उतरवल्या, ढेपा खाली आल्या, ट्रक खाली झाला. इथे हमाल कुठला ‘खाली’ वापरतो आहे हे त्याला विचारून कळणार नाही, कारण दोन्ही एकाच वेळी घडतात. दोन वेगळ्या देशांतून आलेले दोन शब्द त्या ट्रकच्या फाळक्यापाशी एकमेकांत मिसळून जातात.

गवयांचा खाली मात्र मराठीतही अरबीच राहिला. तीनतालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेवर टाळी न देता हात नुसता हलवायचा, ती खाली. रूपक तर खालीपासूनच सुरू होतो, सम आणि खाली एकाच मात्रेवर. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना म्हैसूर दरबारात मान होता, ते गायला इथे येत. येता-जाता धारवाडला मुक्काम करून त्यांनी सवाई गंधर्वांना शिकवलं हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या साथीदाराने मिरजेच्या घरात ‘खाली’ म्हटलं काय किंवा म्हैसूरच्या राजवाड्यात म्हटलं काय, अर्थ तोच. तालाच्या बाहेर, जेवायला बसताना, तोच शब्द बदलत असणार.

शब्दाला अर्थ मिळतो तो बराचसा एसटीतल्या जागेसारखा. कोणी आधीच खिडकीतून रुमाल टाकून ठेवला असेल तर नंतर आलेल्याला जिथे मिळेल तिथे टेकावं लागतं. मराठीत ‘खाली’च्या जागेवर घरच्या शब्दाचा रुमाल आधीपासून होता, शिवाय रिकामेपणासाठी ‘रिकामा’ होता. अरबी पाहुण्याला ‘करणे’च्या मांडीवर बसून प्रवास करावा लागला. कन्नडमध्ये खालच्या दिशेला ‘केळगे’ म्हणतात, त्याचा आवाज ‘खाली’शी जुळत नाही, म्हणून तिथे पाहुण्याला वाव मिळाला. शब्दाचं कूळ, त्याचा धातू, त्याची व्युत्पत्ती आपण कौतुकाने सांगतो. पण तो ज्या भाषेत येतो तिथे त्या वेळी कोणती जागा मोकळी होती, हे विचारल्याशिवाय त्याच्या आजच्या अर्थाचा उलगडा होत नाही असं मला इथे राहून वाटू लागलं आहे.

‘उपन्यास’चं बघा. बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ 1865 ची. बंगालीने या नव्या प्रकाराला उपन्यास म्हटलं, हिंदीने तेच नाव घेतलं. मराठीत त्याआधीच, 1857 मध्ये, बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं होतं, आणि पुढे मराठीने या प्रकाराला नाव दिलं ते बाणभट्टाच्या नायिकेचं. एका संस्कृत पुस्तकाचं नाव साऱ्या जातीलाच मिळालं : कादंबरी. कन्नडमध्येही कादंबरीच. गुजराती ‘नवलकथा’ म्हणते, तेलुगू ‘नवला’. मग कन्नडमध्ये ‘उपन्यास’ कुठे गेला? तो व्याख्यानाच्या जागी बसला. म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री आवारात ‘विशेष उपन्यास’ असे फलक दिसतात. आत कोणी कादंबरी वाचत नसतं, व्याख्यान चाललेलं असतं, आणि कॉलेजातला अधिव्याख्याता ‘उपन्यासक’. तेलुगूतही उपन्यासम् म्हणजे भाषण. म्हैसूर संस्थानातल्या बी. वेंकटाचार्यांनी बंकिमचंद्रांच्या कितीतरी कथानकांना कन्नडमध्ये आणलं, वाचकांनी ती डोक्यावर घेतली, पण त्यांच्याबरोबर बंगाली नाव काही इथे रुजलं नाही.

शिक्षा आणि राजीनामा हे तर मराठी-कन्नडच्या जवळिकीचे सरळ पुरावे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं. मराठीत शिक्षा आणि कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजे दंड. केंद्र सरकारने 2000-01 मध्ये ‘सर्व शिक्षा अभियान’ काढलं तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षक-खोलीत त्यावर तोच विनोद झाला. कर्नाटकाने विनोद करत न बसता नाव बदलून घेतलं : ‘सर्व शिक्षण अभियान’. 2018 नंतर ‘समग्र शिक्षण कर्नाटक’. महाराष्ट्रात अजूनही पत्रांच्या मथळ्यावर ‘समग्र शिक्षा’ आहे. एका अक्षराचा प्रश्न होता. मराठीच्या अभिमानाची आपल्याकडे एवढी भाषणं होतात, त्यांतल्या एखाद्याने हा ‘ण’ मागून घ्यायला हरकत नव्हती. राजीनाम्याची गोष्ट जमिनीची आहे. फारसीत राजीनामा म्हणजे राजीखुशीचा कागद. उत्तरेकडच्या कोर्टांत दोन पक्षांची तडजोड झाली की त्याला राजीनामा म्हणतात. मुंबई इलाख्याच्या महसुलात मात्र शेतकरी आपली जमीन सोडताना जो कागद लिहून द्यायचा तो राजीनामा, आणि ती घेणारा जो लिहायचा ती कबुलायत. धारवाड, बेळगाव, विजापूर त्याच इलाख्यात होते आणि 1956 पर्यंत मुंबईकडेच राहिले. जमीन सोडण्यापासून नोकरी सोडण्यापर्यंतचं अंतर फार नाही. आज मुंबईतला मंत्री आणि बंगळूरचा मंत्री एकाच शब्दाने पायउतार होतात, आणि दिल्लीतला इस्तीफा देतो.

मला सर्वांत जास्त रमवलं ते ‘संभ्रम’ने. दसरा जवळ आला की इथल्या वर्तमानपत्रांत, फलकांवर, दुकानांच्या जाहिरातींत मोठ्या अक्षरांत येतं : ‘दसरा संभ्रम’. पहिल्या वर्षी वाटलं, तिथीचा घोळ झाला असेल. दशमी आज की उद्या, असं काहीतरी. पण मथळ्याखाली राजवाड्याचं चित्र, जवळजवळ लाखभर दिवे लागलेले, आणि सगळे हसतमुख. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे उत्सवाचा आनंद, धामधूम, उल्हास. लग्नघरी संभ्रम असतो, बारशाला संभ्रम असतो. निवडणुकीत कोणाला मत द्यावं हे न कळणं म्हणजे मराठी संभ्रम. निवडून आलेल्याच्या दारात ढोल वाजणं म्हणजे कन्नड संभ्रम.

संस्कृत कोशात दोन्ही सापडतं, कारण धातू ‘भ्रम्’, फिरणं. संभ्रम म्हणजे गरगर, लगबग, तारांबळ, त्यातूनच मग आदराची धावपळ आणि गोंधळही. घरात पाहुणे यायचे आहेत, रांगोळी अर्धी आहे, कोणी हार शोधतंय, कोणी आंघोळीला गेलंय आणि बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज येतो; तो क्षण संस्कृत संभ्रमाचा. त्यातली धांदल मराठीने उचलली आणि डोक्यात नेऊन ठेवली. कन्नडने त्यातला उत्साह उचलला आणि अंगणात ठेवला. मराठीकडे उत्साहासाठी शब्दांची वाण नव्हती, जल्लोष होता, धामधूम होती, थाट होता. मनाच्या द्विधा अवस्थेला एक भारदस्त संस्कृत शब्द हवा होता, तिथे संभ्रमाची सोय लागली. म्हैसूरच्या दसऱ्यात, बन्नीमंटपाकडे जाणाऱ्या पाच किलोमीटरच्या वाटेवर दुतर्फा गर्दीत उभं राहिलं की वाटतं, मराठी अर्थही अगदीच चुकलेला नाही. साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन हत्ती येतो, आत चामुंडेश्वरीची मूर्ती, आणि त्या क्षणी कोणाच्या खांद्यावर कोणाचं मूल आहे हे मूल आणि आईबाप दोघांनाही ठाऊक नसतं.

अंबारी दोन्हीकडे अंबारीच, पण हत्ती नाही. हत्तीला इथे ‘आने’ म्हणतात. कन्नड ‘हत्ती’ म्हणजे कापूस, आणि शिवाय ‘चढा’. म्हैसूरच्या बसस्टॉपवर गाडी लागली की आदराने सांगतात, “बन्नी, हत्ती.” या, चढा. आमच्या सांगलीकडे बाजारात ऐकलेलं कन्नड ‘बर्री’, ‘होगरी’ असं होतं; इथलं ‘बन्नी’, ‘होगी’ ऐकून सुरुवातीला वाटलं, भाषाच निराळी आहे. त्यात पुन्हा बन्नी म्हणजे शमीचं झाडही, बन्नीमंटप त्यावरूनच. रस्त्याच्या कडेला एखादं मराठी पोर आनंदाने “हत्ती! हत्ती!” ओरडलं तर शेजारच्या आजोबांना ते मिरवणुकीत सगळ्यांना चढायला सांगतंय असं वाटणार.

हे काही आपल्याकडचंच नाही. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. मूळ अर्थ ‘दिलेलं ते’ एवढाच, आणि हुंड्याच्या जर्मन शब्दात, ‘मिटगिफ्ट’मध्ये, तो जुना अर्थ अजून टिकून आहे. स्वीडिशमध्ये तोच गिफ्ट म्हणजे विष आणि लग्न झालेलाही. त्यावर ते लोक काय विनोद करत असतील हे वेगळं सांगायला नको. झेकमध्ये ‘चेर्स्तवी’ पाव म्हणजे ताजा, पोलिशमध्ये ‘चेर्स्तव्ही’ पाव म्हणजे शिळा. मूळ अर्थ घट्ट, दणकट. दोन शेजारी, एकच पाव, आणि त्याच्या कडकपणाबद्दल दोन मतं. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो, आणि बाकीच्या निम्म्या युरोपात त्याच्या आसपासचा प्रत्येक आवाज म्हणजे नाही. मराठी माणूस अथेन्सला गेला तर दुकानदार प्रत्येक गोष्टीला नकारच देतोय असं त्याला वाटेल. कोस्लर आणि देरोकिन्यी या दोन फ्रेंच लेखकांनी 1928 मध्ये अशा शब्दांचं पुस्तकच केलं आणि त्यांना ‘खोटे मित्र’ म्हटलं. नाव चालून गेलं. मला ते पटत नाही. शब्द कोणाला फसवायला जात नाहीत. जिथे राहतात तिथले होऊन राहतात, आणि आपण त्यांना जुन्या पत्त्यावर शोधतो.

भारतीय भाषा संस्थान म्हैसूरमध्येच आहे, 1969 च्या जुलैमध्ये सुरू झालेलं, मानसगंगोत्रीला लागून. त्याच्या दक्षिण विभागीय केंद्रात इतर राज्यांतले शिक्षक दहा महिने राहून कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम शिकतात. तसंच पश्चिमेचं केंद्र पुण्यात आहे, तिथे मराठी शिकवतात. महाराष्ट्रातून आलेल्या शिक्षकांशी इथे बोलले तेव्हा बहुतेकांचं एक म्हणणं होतं : वाक्यरचना अवघड गेली नाही. हिंदी प्रदेशातून आलेल्यांना मात्र तिथेच ठेच लागते. ‘तो येतो म्हणून म्हणाला’ हे मराठी वाक्य कन्नडमध्ये शब्दाला शब्द ठेवून करता येतं : ‘बर्तीनि अंत हेळिद’. आपलं ‘म्हणून’ आणि त्यांचं ‘अंत’ एकाच ठिकाणी, एकाच कामाला. हिंदीला तिथे ‘कि’ लागतो, तोही आधी. दखनी बोलणारे त्याच जागी ‘बोलके’ म्हणतात, म्हणजे हिंदीची बहीणसुद्धा दक्षिणेत राहून आमच्यासारखी बोलू लागली.

या विषयावर जगभर वाचला जाणारा एक निबंध आहे तो माझ्या गावाजवळच्या कुपवाडवर. सांगलीहून मिरजेकडे जाताना जो कुपवाड औद्योगिक वसाहतीसाठी माहीत असतो, 1998 पासून जो सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे, तोच. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा हा निबंध 1971 मध्ये छापला गेला. तेव्हा कुपवाड तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरांत उर्दू, इतर अनेकांच्या घरांत मराठी, थोडं तेलुगू. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शेतात, एकाच बाजारात काम केल्यामुळे या भाषांची रचना जवळजवळ एक होऊन गेली होती. एकीचं वाक्य घ्या, शब्दांच्या जागी दुसरीचे शब्द ठेवा, वाक्य तयार. मात्र शब्द कोणी सोडले नाहीत. घरात शिरलं की ज्याची त्याची भाषा. लहानपणी कितीदा कुपवाडवरून सायकलने गेले, भाषाशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव येतं हे मला समजायला इतक्या दूर यावं लागलं.

कुपवाडमध्ये रचना एक आणि शब्द वेगळे. ‘खाली’च्या बाबतीत शब्द एक आणि अर्थ वेगळे. आमच्या घरात आता तिसरंच चाललं आहे. मुलगी इथल्या शाळेत जाते, संध्याकाळी ती मराठीत सांगते, “आई, डबा खाली आहे.” ‘केला’ नाही, ‘झाला’ही नाही, म्हणजे तिच्या मराठीत तो शब्द एकटा बाहेर पडायला लागला आहे. ‘पाणी खाली आहे’ असं ती म्हणते तेव्हा पिंप रिकामं आहे की पाणी तळमजल्यावर आहे हे मला तिच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. मी तिला दुरुस्त करत नाही. आपल्या मराठीत कन्नडमधून काय काय आलंय हे पाहिलं तर दुरुस्ती कुठून सुरू करायची हा प्रश्नच आहे. तूप आहे, अडकित्ता आहे, हरवलेली वस्तू आपण ‘हुडकतो’ तेही कन्नड ‘हुडुकु’. आणि या ऋणाच्या बदल्यात आपण ‘कानडा’ या शब्दाला काय अर्थ दिला? न उमगणारा. ज्ञानदेवांच्या अभंगातला कानडा विठ्ठल कर्नाटकातला की अगम्य, यावर विद्वान अजून बोलत असतात. शेजाऱ्याच्या भाषेचं नावच दुर्बोधतेला देऊन टाकणं, हे जरा जास्तच झालं.

नात्यांच्या शब्दांत मात्र दोन घरांमधली भिंत अगदीच पातळ आहे. इरावतीबाई कर्व्यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर ठेवलं, त्यामागे मामाच्या मुलीशी होणारी लग्नं होती. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे वडिलांची बहीण, मामाची बायको आणि सासूही. ‘माव’ म्हणजे मामा आणि सासरा. आमच्या भागात सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत आल्या, ते याच पद्धतीतलं. अक्का, अण्णा, अप्पा दोन्हीकडे. तरी इथेही ‘खाली’सारखे घोटाळे आहेतच. ‘ताई’ घ्या. कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. चामुंडीच्या डोंगरावर भक्त हाक मारतात ती तायी चामुंडेश्वरीला. मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण. हिंदीत वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. धारवाडकडच्या कन्नडमध्ये ‘आयी’ म्हणजे आजी, म्हणजे आमची आई तिथे एक पिढी वर सरकते.

देवराज मार्केटमध्ये मोगऱ्याची माळ वावाने मोजून देणाऱ्या बाईला मी सवयीने “ताई” म्हणते. ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल, आणि हाकेला अगदी सहज ओ देते. तिला त्यात वावगं वाटत नाही, कारण इथे आई म्हणायला वय लागत नाही. आमच्या मुलीलाही ती “बा तायी” म्हणूनच जवळ बोलावते; ये गं माझे आई, असं आपल्याकडे म्हणतात तसं. मुलीला ते पटेना. घरी येऊन तिने विचारलं, “मला धाकटं भावंड नाही, मग मी ताई कशी?” मी तिला अर्थ सांगितला. त्यावर ती म्हणाली, “म्हणजे मी तिची आई? मग तू कोण तिची?” हिशेबाने आजी होते, असं मी म्हटलं. आजीला कन्नडमध्ये काय म्हणतात, हा तिचा पुढचा प्रश्न होता. ते सोपं होतं : अज्जी, फक्त एक ज जास्त.